वाचकांचे प्रश्न : कॅमकॉर्डरच्या कॅसेट्स आणि संगणकावरचं एडिटिंग

या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेले प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांनी ‘एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करू?’ असं विचारलं आहे. पण त्यांच्या अडचणी वाचल्या, तर निम्म्याहून अधिक त्याआधीच्या टप्प्यातल्या आहेत, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवतानाच्या. तिथे जे हरवतं ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच.

प्रश्न : माझ्याकडे मिनीडीव्हीच्या २२ कॅसेट्स आहेत. त्यात २००३ च्या सिंहस्थातलं रामकुंडावरचं चित्रीकरणही आहे. कॅमेरा चालू आहे. त्याची पिवळी-पांढरी-लाल वायर यूएसबीच्या छोट्या डबीला जोडून कॉपी केली, तर चित्र मऊ दिसतं आणि वीस मिनिटांनंतर आवाज ओठांच्या मागे पडतो. डबी बदलू का? (पंचवटी)

डबी बदलून उपयोग नाही, रस्ता बदला. मिनीडीव्हीवरचं चित्र मुळातच डिजिटल असतं. पिवळ्या वायरने ते बाहेर काढलं की कॅमेरा त्याचं अ‍ॅनालॉग करतो आणि डबी पुन्हा डिजिटल करते. या दोन रूपांतरांत बारकावे जातात. शिवाय अशा डब्यांमध्ये चित्र आणि आवाज अनेकदा वेगवेगळ्या घड्याळांवर मोजले जातात. मध्ये फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, गळल्या की आवाज मागेपुढे सरकतो.

तुमच्या कॅमेऱ्यावर ‘आय-लिंक’ किंवा ‘डीव्ही’ लिहिलेलं चार पिनांचं छोटं सॉकेट असेल. तेच फायरवायर. तिथून कॅसेटवरचा मजकूर आहे तसा, एकही रूपांतर न होता उतरतो. त्यासाठी डेस्कटॉप संगणकात पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड मिळालं तर तेच घ्या. सोबत चार पिन ते सहा पिन अशी केबल लागेल. बाजारात एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असा स्वस्त जोड मिळतो, तो घेऊ नका. त्यात फक्त पिना जुळवलेल्या असतात, संकेत बदलणारं काही नसतं. त्याने कॅमेरा दिसणारच नाही. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. सहा पिनांच्या टोकात वीज असते आणि सैल झालेल्या सॉकेटमध्ये ते जोर लावला तर उलटंही बसतं. तसं झालं तर पोर्ट जळतो.

विंडोज १० मध्ये कॅमेरा ओळखला गेला नाही, तर मायक्रोसॉफ्टचा १३९४ चा (फायरवायरचंच दुसरं नाव) ‘लेगसी’ ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमधून तो निवडा. उतरवण्यासाठी विनडीव्ही हा छोटा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात टाइप-२ एव्हीआय निवडा. एका फाइलमधल्या कमाल फ्रेमच्या रकान्यात १,००,००० टाका, कारण पालमध्ये (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम) तासाच्या ९०,००० फ्रेम होतात. ‘डिसकंटिन्युइटी थ्रेशोल्ड’ला शून्य दिलं तर सगळी कॅसेट एका फाइलमध्ये येते. तिथे १ दिलं, तर जिथे कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला होता तिथे नवी फाइल सुरू होते आणि तिच्या नावात त्या क्षणाची तारीख-वेळ येते. डीव्ही कॅसेटमध्ये चित्रासोबत चित्रीकरणाची तारीख-वेळही साठवलेली असते. पिवळ्या वायरने ती येत नाही. आली तर पडद्यावर छापून येते आणि पुसता येत नाही. सिंहस्थाच्या चित्रणात कोणतं दृश्य कुठल्या पर्वणीचं, हे यावरूनच कळेल. अर्थात तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर.

एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे २२ कॅसेट्सना २८६ जीबी. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको. तिथे ४ जीबीच्या वर फाइल जात नाही आणि कॅप्चर, म्हणजे कॅसेट उतरवणं, एकोणीस-वीस मिनिटांत थांबतं. एनटीएफएस ठेवा. संगणकाचा स्लीप मोड बंद करा. बरीच वर्षं न चाललेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे न्या, म्हणजे पट्टीचा ताण सारखा होतो. मगच कॅप्चर करा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, यात घाई चालत नाही. शेवटी ‘ड्रॉप्ड’, म्हणजे गळलेल्या फ्रेमचा, आकडा पाहा. तो शून्यच हवा.

चित्रात चौकोनी ठिपक्यांचे आडवे पट्टे येत असतील आणि ते सगळ्याच कॅसेट्समध्ये दिसत असतील, तर कॅमेऱ्याच्या पट्टी वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक मळलं आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट १० सेकंद चालवा, ती रिवाइंड करू नका. दोनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा. ती कॅसेट हेडला घासतेच, उगाळत बसलात तर हेड झिजेल. पट्टे एकाच कॅसेटमध्ये असतील, तर ती बहुधा एलपी मोडमध्ये, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं, भरलेली आहे. एलपीत पट्टीवरच्या रेघा १० मायक्रॉनऐवजी सुमारे ६.७ मायक्रॉन रुंद असतात. अशी कॅसेट ज्या कॅमेऱ्याने भरली त्याच कॅमेऱ्यात नीट चालण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून जुना कॅमेरा भंगारात देऊ नका. तरीही ठिपके राहिले तर तीच कॅसेट दोन-तीनदा उतरवा. चुका दर वेळी नेमक्या त्याच फ्रेममध्ये येत नाहीत. डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन अशा दोन-तीन प्रतींमधले चांगले भाग निवडून एक प्रत जुळवतं.

प्रश्न : रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) मारलेल्या धप्प्यांचं, म्हणजे उड्यांचं, चित्रण मिनीडीव्हीवर आहे. फायरवायरने व्यवस्थित उतरवलं. पण उडी मारणाऱ्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. उतरवताना काही चुकलं का? (जुने नाशिक)

काहीही चुकलेलं नाही. पाल डीव्हीची एक फ्रेम ७२० बाय ५७६ ची असते, पण ती दोन हप्त्यांत टिपलेली असते. एका हप्त्यात एकाआड एक अशा २८८ रेषा, दुसऱ्यात उरलेल्या २८८, आणि दोन्हींत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. या हप्त्यांना फील्ड म्हणतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा. संगणकाचा पडदा दोन्ही एकत्र दाखवतो. माणूस उभा असेल तर काही कळत नाही. पण धप्पा मारणारा पन्नासांश सेकंदातही बराच खाली आलेला असतो, म्हणून त्याच्या कडा दातेरी दिसतात.

उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग, फील्डमधून पूर्ण फ्रेम बनवणं, आणि सगळा फरक ते कसं करता यात आहे. बहुतेक सॉफ्टवेअर दोन फील्डमधून एकच फ्रेम बनवतात, म्हणजे सेकंदाला २५. दाते जातात, पण निम्मी हालचालही जाते आणि उडी धक्क्या-धक्क्याने दिसते. प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम केली तर सेकंदाला ५० मिळतात आणि उडी टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फिल्टर्सच्या पानावर ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद ठेवा, डीइंटरलेसमध्ये ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ आणि त्याच्या प्रीसेटमध्ये ‘बॉब’ निवडा. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि ‘कॉन्स्टंट’ करा. फक्त पाहण्यासाठी प्रत हवी असेल तर आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १८ ठेवा. पुढे एडिट करायचं असेल तर १२ ठेवा. फाइल मोठी होईल, पण दुसऱ्यांदा एन्कोड होताना, म्हणजे पुन्हा दाबून साठवताना, चित्र तगेल. एडिटिंगची टाइमलाइनही ५० फ्रेमचीच उघडा. ती २५ ची ठेवली तर एवढं केलेलं वाया जातं.

एक खूण लक्षात ठेवा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, हाय डेफिनिशनच्या एव्हीसीएचडीत वरचं. सॉफ्टवेअरने क्रम उलटा धरला तर हलणारी वस्तू दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरते. कॅमेरा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवलेला तुकडा घेऊन आधी हे तपासा.

रहाडीच्या रंगाचंही सांगायला हवं. पाल डीव्हीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथ्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून गडद लाल-केशरी पाण्याच्या कडेला रंग चौकोनी होऊन पसरल्यासारखा दिसतो. अशा चित्रात सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवू नका. उलट पाच-दहा टक्के कमी करा.

प्रश्न : मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की आवाज फाटतो. ढोल थांबल्यावर आजोबा बोलतात ते दोन-तीन सेकंद ऐकूच येत नाही. (इंदिरानगर)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. फाटणं म्हणजे क्लिपिंग. आवाजाची लाट कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला धडकली आणि तिचा शेंडा छाटला गेला. दुसरं दुखणं ऑटोमॅटिक गेनचं. ढोलाच्या दणक्याला कॅमेऱ्याने माइक आपोआप खाली केला आणि तो पुन्हा वर यायला वेळ लागला.

ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये काम करा आणि प्रोजेक्टचा रेट ४८,००० हर्ट्झ ठेवा. कॅमेरा १२ बिटवर लावलेला असेल तर मूळ आवाज ३२,००० हर्ट्झचा असतो. सॉफ्टवेअरने तो ४८,००० चा समजून वाजवला तर आवाज चिरका आणि लवकर संपणारा होतो. आधी ढोलाचा भाग निवडून ‘क्लिप फिक्स’ चालवा. ते छाटलेला शेंडा अंदाजाने गोल करतं. थोडा फाटलेला आवाज सुधारतो, फार फाटलेला नाही. मग ‘एन्व्हलप’ साधनाने आजोबांचं वाक्य हाताने वर उचला. ढोल थांबतो तिथे एक बिंदू, वाक्य सुरू होतं तिथे दुसरा, आणि माइक पूर्ववत होतो तिथे तिसरा. मधला चढ अर्ध्या सेकंदाहून तोकडा नको, नाहीतर मागची खरखर एकदम उसळते. खरखर कमी करायला ‘नॉइज रिडक्शन’ ६ डेसिबलच द्या. १५-२० दिलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

वाऱ्याची घरघर काढायला १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा, लोक सगळीकडे लावतात. ढोलाच्या भागाला तो अजिबात लावू नका. छातीत घुमणारा ‘धुम्म’ त्याच पट्टीत आहे. तो काढला की डबा वाजवल्यासारखा आवाज उरतो. फिल्टर फक्त बोलण्याच्या तुकड्यांना लावा. आणि ऑडॅसिटीत आवाजाचा एक कणही कापू किंवा वाढवू नका. लांबी तीच राहिली तरच तो चित्रावर परत बरोबर बसेल.

प्रश्न : हायएट (मिनीडीव्हीच्या आधीच्या, अ‍ॅनालॉग) कॅसेट्स माळ्यावर होत्या. पट्टीच्या रिळावर पांढरी भुकटी दिसते. लावून बघू? (सिडको)

लावू नका. ती बुरशी आहे. नाशिकचे चार महिने दमट, त्यात कॅसेट माळ्यावर पत्र्याच्या डब्यात असेल तर ती लागतेच. कॅसेट चालवलीत तर बुरशी हेडवर आणि रुळांवर बसते, पट्टी फाटू शकते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. भुकटी असलेल्या कॅसेट्स वेगळ्या काढून प्रत्येक बंद पिशवीत ठेवा. हाताळताना एन९५ मास्क लावा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, उष्णतेने पट्टी वेडीवाकडी होते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आठ-दहा दिवस ठेवल्या की बुरशी कोरडी पडते. पण ती पुसणं हे पट्टी उघडून हळूहळू फिरवत करायचं काम आहे आणि ते करणाऱ्या माणसाकडेच द्यावं. देण्याआधी विचारा, ‘बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळं यंत्र ठेवता का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर कॅसेट परत घ्या.

स्वच्छ असलेल्या हायएट कॅसेट्ससाठी सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा शोधा. त्यातले सगळे नाहीत, पण बरेच मॉडेल हायएटही वाजवतात आणि फायरवायरने डीव्ही बाहेर देतात. चित्र-आवाज कॅमेऱ्यातच एकत्र बांधले जात असल्यामुळे आवाज मागे पडत नाही. चित्राच्या तळाशी आठ-दहा रेषांचा फाटका पट्टा दिसेल. तो हेड बदलतानाचा असतो, दोष नाही. उतरवताना तसाच राहू द्या आणि एडिटिंगमध्ये काळ्या पट्टीने झाका.

पावसाळ्यात कॅमेऱ्यावर पाण्याच्या थेंबाची खूण आली तर आत दव जमलं आहे. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा आणि किमान तासभर थांबा.

प्रश्न : हार्ड डिस्कच्या एचडी कॅमेऱ्यातल्या एमटीएस फाइल्स टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या, की सांध्यावर चित्र अडखळतं. (सातपूर)

कॅमेरा लांब चित्रणाचे २ जीबीचे तुकडे करतो. २४ एमबीपीएसला असा तुकडा जवळपास १२ मिनिटांनी पडतो. कापताना तो फक्त आकार पाहतो, फ्रेमचा गट पूर्ण झाला की नाही ते नाही. गटाचा उरलेला भाग पुढच्या फाइलमध्ये असतो, म्हणून दोन्ही स्वतंत्र उघडल्या की सांध्यावर काही फ्रेम आणि आवाजाचा कण गायब होतो. एडिटरमध्ये नेण्याआधी टीएसमक्सर या प्रोग्रॅममध्ये पहिली फाइल ‘अ‍ॅड’ने आणि पुढच्या ‘जॉइन’ने घ्या, आणि एक एम२टीएस बनवा. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, म्हणून चित्र जसंच्या तसं राहतं. फक्त एकाच सलग चित्रणाचे तुकडे असे जोडा. कॅमेऱ्यातून घेताना सुट्या फाइल्स नको, पूर्ण एव्हीसीएचडी फोल्डर उतरवून ठेवा.

प्रश्न : कॅसेट हरवली, फक्त स्टुडिओने दिलेली डीव्हीडी आहे. (सिन्नर)

आजच मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने तिची एमकेव्ही फाइल करा, एन्कोडिंग न करता. रेकॉर्ड केलेली डीव्हीडी चरा न पडताही वाचेनाशी होते. अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा, एक ड्राइव्ह वाचत नाही ते दुसरा वाचतो. एडिटिंगची पद्धत वरचीच, पण फील्डचा क्रम तपासून घ्या.

प्रश्न : २००४ सालच्या आमच्या लग्नाच्या तीन तासांच्या कॅसेट्समधून २५ मिनिटं काढायची आहेत. मुलांना कंटाळा येऊ नये असं कसं कापावं? (देवळाली कॅम्प)

आधी काहीही न कापता तीन तास पाहा, वही घेऊन. प्रत्येक तुकड्याची वेळ, त्यात कोण आहे आणि आवाज कसा आहे, एवढंच लिहा. जी माणसं आज नाहीत त्यांच्यापुढे खूण करा. ती नीट दिसतात किंवा बोलतात ते सेकंद आधी राखून ठेवा आणि बाकीचा हिशोब त्यानंतर मांडा. लग्नाच्या चित्रणात आहेर देणाऱ्यांची रांग आणि पंगत सर्वांत लांब असतात. तिथेच तासभर सुटतो. पण पंगतीतला नाव घेण्याचा प्रसंग कापू नका. उखाण्याआधीची टाळाटाळ, कुणीतरी केलेला आग्रह, उखाणा आणि नंतरचा हशा असा सलग ठेवा. नुसता उखाणा कापून घेतला तर तो पाठांतरासारखा वाटतो.

मंगलाष्टकांसाठी आवाज आणि चित्र वेगळं करा. शॉटकट या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये तुकड्यावर राइट क्लिक करून ‘डिटॅच ऑडिओ’. शेवटचं मंगलाष्टक ते ‘सावधान’ आणि त्यानंतरचे वाजंत्री-टाळ्यांचे १० सेकंद, एवढा आवाज सलग ठेवा, मध्ये कुठेही कापू नका. त्याच्या वर चित्रं बदला : अक्षता धरलेली मुठ, मामा, अंतरपाटामागचा चेहरा, मांडवातली लहान मुलं. प्रत्येक चित्र चार-सहा सेकंद. ही चित्रं त्याच मंगलाष्टकाच्या वेळची असायला हवीत असं नाही, मात्र ओठ हलताना दिसणारी घेऊ नका. अंतरपाट खाली येतो तिथे मूळ चित्रावर परत या आणि हार घालून होईपर्यंत तिथेच राहा.

घरगुती चित्रणात झूम फार असतात. झूम संपून चित्र स्थिर झाल्यावर तुकडा सुरू करा, पुढचं झूम सुरू होण्याआधी संपवा. दोन तुकड्यांमध्ये पान उलटणं, चांदण्या असले प्रकार नकोत. सरळ काप पुरतो. हळदीपासून लग्नघटिकेपर्यंत वेळ पुढे गेली हे दाखवायचं असेल, तिथे एक सेकंदाचा डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) द्या. मांडवात हॅलोजन असल्याने सगळं पिवळं दिसेल. व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्यावर टिचकी मारा, पण पिवळेपणा पूर्ण काढू नका. हळदीचा आणि दिव्यांचा थोडा रंग राहिलेलाच बरा. काळोखे कोपरे उजळायला गेलात तर तिथे किडे नाचल्यासारखी खरखर दिसेल, ते तसेच सोडा.

प्रश्न : एआयने जुनं चित्र फोरके करता येतं म्हणतात. करावं का? (कॉलेज रोड)

माझं मत स्पष्ट आहे : माणसांच्या चेहऱ्यांवर नको. ५७६ रेषांत दूरचा चेहरा जेमतेम ४० पिक्सेलचा असतो. एआय उरलेलं कल्पनेने भरतं. कातडी मेणासारखी होते, डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटतात. आजीचा चेहरा धूसर असला तरी तो आजीचा आहे. घाट, वाडे, झाडं यांच्यावर हवा तर प्रयोग करा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

प्रश्न : तयार फिल्म यूट्यूबवर आणि नातेवाइकांना कशी पाठवू? कॅसेट्स आता टाकून देऊ का? (गंगापूर रोड)

यूट्यूब सेकंदाला ५० फ्रेम फक्त ७२० रेषा आणि त्यापुढे दाखवतं. ५७६ ची फाइल चढवली तर ती २५ वर येते. म्हणून चारास तीन आकाराचं चित्र १४४० बाय १०८० करून चढवा. त्याने तपशील वाढत नाही, पण हालचाल टिकते आणि यूट्यूब जास्त बिटरेट (सेकंदाला जास्त डेटा) देतं. कडांना काळे पट्टे स्वतः घालू नका, आणि चित्र ताणून सोळास नऊ तर मुळीच करू नका, माणसं जाडी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. टीव्हीला लावायच्या पेन ड्राइव्हसाठी एच.२६४ आणि एएसीची एमपी४ करा.

कॅसेट्स टाकू नका. मूळ एव्हीआय फाइल्स दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा दोन्ही जोडून काही फाइल्स मधूनमधून चालवून पाहा. कॅसेट्स पूर्ण रिवाइंड करून, त्यांची खिटी ‘सेव्ह’कडे सरकवून, उभ्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.